घरातील ओल : गृहनिर्माणाचा दुर्लक्षित पैलू

घर बांधून पूर्ण झाले की निवाऱ्याचा प्रश्न सुटला, असे सामान्यतः मानले जाते. शासकीय योजनांच्या प्रगतीचे मोजमापही पूर्ण झालेल्या घरांच्या संख्येने होते. परंतु ते घर पुढे किती वर्षे राहण्यायोग्य राहील आणि त्यात राहणाऱ्यांचे आरोग्य कसे असेल, हे बऱ्याच अंशी ते कोरडे राहते की नाही यावर ठरते. न्हाणीघराच्या कोपऱ्यातील काळे डाग, छतावरील पिवळसर वर्तुळे, भिंतीचे सुटणारे पोपडे आणि कपाटातील कुबट वास ही कोचीपासून गुवाहाटीपर्यंतच्या असंख्य घरांतील नित्याची तक्रार आहे. त्यावर बहुधा रंगाचा एक हात दिला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा त्याच जागी उमटतो. याचे कारण असे की, डाग हा परिणाम आहे. पाणी हे कारण आहे. कारण तसेच ठेवून परिणामावर केलेला खर्च वाया जातो. हे तत्त्व एका भिंतीला जितके लागू आहे, तितकेच ते गृहनिर्माणाच्या राष्ट्रीय धोरणालाही लागू आहे.

बुरशी का वाढते?

बुरशी ही कवक या सृष्टीतील सजीव आहे. तिच्यात हरितद्रव्य नसते. त्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही आणि सेंद्रिय पदार्थांवर जगते. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र व सर्वकाळ असतात. कोणतेही घर बीजाणूमुक्त करणे शक्य नाही. बीजाणू रुजण्यासाठी योग्य तापमान, अन्न आणि ओलावा या तीन गोष्टी लागतात. भारतातील बहुतेक भागांत तापमान वर्षभर अनुकूल असते. अन्नासाठी रंगातील सेंद्रिय घटक, लाकूड, कागद, कापड, साबणाचा थर किंवा साधी धूळही पुरते. म्हणजे माणसाच्या हाती नियंत्रणासाठी एकच घटक उरतो, तो म्हणजे ओलावा. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळली, तर बुरशीला सहसा रुजण्याची संधी मिळत नाही. त्यापुढे मात्र तिची वाढ वेगाने होते. घरांतील भिंतींवर क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस व पेनिसिलियम या गटांतील बुरशी प्रामुख्याने आढळते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या आजाराला 'काळी बुरशी' असे नाव पडले. तो आजार म्युकोरेल्स गणातील कवकांमुळे होतो आणि मुख्यतः अनियंत्रित मधुमेह किंवा क्षीण प्रतिकारशक्ती असलेल्या रुग्णांना ग्रासतो. न्हाणीघरातील काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. तथापि, हा डाग निरुपद्रवी आहे असेही म्हणता येणार नाही.

ओलीच्या चार वाटा

घरात ओल मुख्यतः चार वाटांनी येते. त्या वेगळ्या ओळखल्याशिवाय योग्य उपाय करता येत नाही.

पहिली वाट जमिनीची. वीट, दगड व गिलावा यांतील सूक्ष्म छिद्रांतून जमिनीतील पाणी केशाकर्षणाने वर चढते. अशी ओल साधारणपणे जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत आडव्या पट्ट्याच्या रूपात दिसते. पाण्यासोबत क्षारही वर येतात. पाणी उडून गेल्यावर ते पांढऱ्या भुकटीच्या रूपात भिंतीवर राहतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. जोत्याच्या पातळीवर ओलप्रतिबंधक थर नसणे किंवा बाहेरील अंगणाची पातळी त्या थराच्या वर जाणे, ही त्याची प्रमुख कारणे होत. वारंवार डांबरीकरण होऊन उंचावलेल्या रस्त्यांमुळे जुन्या वस्त्यांतील अनेक घरांची जोती अशा रीतीने जमिनीच्या बरोबरीला आली आहेत.

दुसरी वाट पावसाची. गच्चीवरील तडे, तुंबलेल्या पन्हळी, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी आणि वाऱ्याच्या दिशेच्या भिंती यांतून पाणी आत झिरपते. देशातील वार्षिक पर्जन्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. त्यामुळे इमारतीची खरी परीक्षा अल्पकाळात होते आणि दोन पावसांच्या मध्ये भिंतीला वाळण्याची उसंत मिळत नाही.

तिसरी वाट नळांची व सांडपाण्याच्या वाहिन्यांची. भिंतीत गाडलेल्या नळाचा एखादा सैल सांधा महिनोन्‌महिने थेंबथेंब गळत राहतो. ही ओल ऋतुमानानुसार बदलत नाही, ती बारमाही असते.

चौथी वाट हवेतील बाष्पाची. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावू शकते. २५ अंशांना हे प्रमाण सुमारे २३ ग्रॅम, तर २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम असते. म्हणजे ३० अंश तापमान व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा २५ अंश तापमानाच्या भिंतीला स्पर्श करताच संपृक्त होते आणि भिंतीवर पाणी सुटते. या तापमानास दवबिंदू म्हणतात. हिवाळ्यात उत्तर भारतातील बंद खोल्यांत, तसेच वातानुकूलित खोलीला लागून असलेल्या भिंतींवर ही ओल दिसते. तिचा गळतीशी काहीही संबंध नसतो.

न्हाणीघराचे विशेष स्थान

न्हाणीघरात यांतील शेवटच्या दोन वाटा एकत्र येतात. बादली व तांब्याने स्नान करण्याच्या भारतीय पद्धतीत जमिनीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर रोज भरपूर पाणी पडते. कपडे व भांडी धुण्याचे कामही अनेक घरांत तेथेच होते. हे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालील सापळ्याला देशभरातील नळकामाच्या परिभाषेत 'न्हाणी ट्रॅप' असेच नाव आहे. यावरून भारतीय बांधकामात या घटकाचे महत्त्व लक्षात येते.

लाद्या बसवल्या म्हणजे न्हाणीघर जलरोधक झाले, ही समजूत चुकीची आहे. लादीतून पाणी फारसे झिरपत नाही, परंतु दोन लाद्यांमधील दर्जांतून ते खाली उतरते. ते अडवण्याचे काम लादीखालील जलरोधक थर करतो. हा थर जमिनीवर सलग असावा, भिंतीवर काही उंचीपर्यंत चढवलेला असावा आणि नळ जेथे जमिनीतून आरपार जातात तेथे विशेष काळजीने भरलेला असावा. लाद्या बसवण्यापूर्वी सापळ्याचे तोंड बंद करून दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवणे व खालच्या मजल्याचे छत तपासणे, ही साधी चाचणी आहे. घाईच्या बांधकामात तीच वगळली जाते. त्याचप्रमाणे पुढे नवी नळजोडणी करताना छिन्नीने जलरोधक थर फोडला जातो आणि वरून केवळ सिमेंट लावून तो झाकला जातो. वरच्या व खालच्या मजल्यांवरील कुटुंबांतील अनेक वादांचे मूळ अशा एखाद्या छिद्रात असते.

जमिनीचा उतार सापळ्याकडे असणे आणि बाष्प बाहेर जाण्यासाठी झरोका किंवा बाह्यक्षेपी पंखा असणे, या आणखी दोन गोष्टी आवश्यक आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांखाली राखण्याचा आहे. भारताच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात बाहेरच्याच हवेची आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांहून अधिक असते. तेथे केवळ खिडकी उघडून हा आकडा गाठता येत नाही. अशा प्रदेशात हवा खेळती ठेवण्याबरोबरच द्रवरूप पाणी भिंतीपर्यंत पोहोचू न देण्यावर अधिक भर द्यावा लागतो.

आरोग्यावरील परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर किंवा बुरशीयुक्त इमारतींत राहणाऱ्यांना श्वसनविकारांची लक्षणे, श्वसनमार्गाचे संसर्ग व दम्याची तीव्रता वाढण्याचा धोका अधिक असतो, असा निष्कर्ष त्यांत काढण्यात आला. मात्र बुरशीची अमुक पातळी सुरक्षित, अशी संख्यात्मक मर्यादा संघटनेने ठरवली नाही. ओल होऊ न देणे व झाल्यास ती दूर करणे, हाच मार्ग तिने सुचवला. लहान मुले, वृद्ध, दम्याचे रुग्ण व क्षीण प्रतिकारशक्तीच्या व्यक्ती यांना धोका अधिक असतो.

भारतात घरातील वायुप्रदूषणाची चर्चा प्रामुख्याने चुलीच्या धुराभोवती झाली आणि ते योग्यही होते. २०१६ मध्ये सुरू झालेली उज्ज्वला योजना हे त्या चर्चेचे एक फलित होय. परंतु धूर गेल्यानंतरही एका खोलीत स्वयंपाक, स्नान, कपडे वाळवणे व झोपणे या सर्व क्रिया करणाऱ्या कुटुंबाची हवा निर्मळ राहतेच असे नाही. ओलीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. दाट वस्तीतील, झरोका नसलेल्या, तळमजल्यावरील आणि भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब तो सर्वाधिक सोसते, आणि दुरुस्तीचा खर्च किंवा अधिकार त्याच कुटुंबाकडे सर्वांत कमी असतो.

इंग्लंडमध्ये रोचडेल येथे २०२० मध्ये सामाजिक गृहनिर्माण संस्थेच्या घरात राहणाऱ्या दोन वर्षांच्या बालकाचा मृत्यू झाला. तो घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झाल्याचा निष्कर्ष २०२२ मधील न्यायिक चौकशीत निघाला. त्यानंतर २०२३ च्या सामाजिक गृहनिर्माण (नियमन) अधिनियमात घरमालक संस्थांनी अशा धोक्यांची ठरावीक मुदतीत दखल घेण्याची तरतूद करण्यात आली. ओलीची तक्रार ही केवळ सौंदर्याची बाब नसून सुरक्षिततेची बाब आहे, हे तत्त्व त्यातून कायद्यात आले.

इमारतीच्या आयुष्यावरील परिणाम

पोलादी सळयांभोवती काँक्रीटचे अल्कधर्मी आवरण असते; ते सळयांना गंजण्यापासून वाचवते. हवेतील कार्बन डायऑक्साइड कालांतराने आत शिरून ही अल्कता कमी करतो. अशा वेळी ओलही मिळाली की सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने आतून दाब निर्माण होतो, काँक्रीटला तडे जातात आणि त्याचे पापुद्रे सुटतात. त्या तड्यांतून आणखी पाणी शिरते. न्हाणीघराच्या खालच्या छतातून सळया उघड्या दिसू लागतात, तेव्हा प्रश्न रंगाचा राहिलेला नसतो, तो संरचनेचा झालेला असतो. समुद्रकिनाऱ्यावर हवेतील क्लोराइडमुळे ही प्रक्रिया अधिक वेगाने होते.

या प्रक्रियेचे राष्ट्रीय परिमाणही आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठी नेमलेल्या तांत्रिक गटाने नागरी भागातील घरांची टंचाई २०१२ मध्ये १ कोटी ८७.८ लाख इतकी अंदाजली होती. त्यांपैकी सुमारे २२.७ लाख घरे जीर्ण झाल्यामुळे टंचाईत धरली गेली होती. म्हणजे घरांची टंचाई केवळ नवी घरे न बांधल्याने निर्माण होत नाही. असलेली घरे निकामी झाल्यानेही होते. २०११ च्या जनगणनेनुसार निवासी घरांपैकी सुमारे ५३ टक्के घरांची स्थिती चांगली, सुमारे ४१.५ टक्के घरांची राहण्यायोग्य, तर ५ टक्क्यांहून थोड्या अधिक घरांची मोडकळीस आलेली नोंदवली गेली. 'राहण्यायोग्य' या मधल्या वर्गातील घर वरच्या वर्गात जाणार की खालच्या, हे देखभालीवर अवलंबून असते.

निदान आणि दुरुस्तीचा क्रम

ओलीचा उगम शोधण्यासाठी नेहमीच महाग उपकरणे लागत नाहीत. ओल केवळ पावसाळ्यात दिसते की बारमाही, ती जमिनीलगत आहे की छताशी, तिच्या पलीकडे न्हाणीघर आहे की बाहेरील भिंत, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून बरेच काही कळते. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवसांनी पाहावा. त्याच्या खोलीकडील बाजूवर पाणी आल्यास ते हवेतील बाष्पाचे, भिंतीकडील बाजूवर आल्यास ते भिंतीतून येणारे असते. रात्री सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरची नोंद घ्यावी. पाणी न वापरताही सकाळी आकडा पुढे गेलेला असल्यास मीटरनंतरच्या वाहिनीत गळती आहे, असे समजावे.

दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा :

१. प्रथम पाण्याचा उगम बंद करणे. नळाचा सांधा, तुंबलेली पन्हळ, गच्चीचा तडा किंवा लाद्यांच्या दर्जा यांची दुरुस्ती करणे.
२. सुटलेला व क्षारयुक्त गिलावा पक्क्या भागापर्यंत काढून टाकणे.
३. भिंत पूर्ण वाळू देणे. जाड भिंतीला यासाठी अनेक आठवडे लागू शकतात.
४. नवा गिलावा करणे व आवश्यक तेथे जलरोधक थर देणे.
५. रंगकाम सर्वांत शेवटी करणे.

व्यवहारात हा क्रम बहुधा उलटा होतो. ओल्या भिंतीवर तैलरंग दिल्यास पाणी आतच कोंडते आणि काही महिन्यांत रंगासह गिलाव्याचा पापुद्रा सुटतो.

बुरशी साफ करताना हातमोजे, चष्मा व एन-९५ मुखपट्टी वापरावी. कठीण पृष्ठभागावरील लहान क्षेत्र साबणाच्या पाण्याने घासून पुसावे व कोरडे करावे. मेलेली बुरशीही अ‍ॅलर्जी निर्माण करू शकते. म्हणून ती मारण्याइतकेच ती काढून टाकणे महत्त्वाचे असते. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण शौचालय साफ करण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. अमोनियायुक्त द्रवाबरोबरचे मिश्रणही तितकेच घातक असते. पुराचे पाणी शिरलेल्या घरात वीजपुरवठा बंद असल्याची खात्री केल्याशिवाय साफसफाई सुरू करू नये.

परंपरेतील शहाणपण

भारतातील पारंपरिक घरांत ओलीचा विचार आराखड्यातच केलेला आढळतो. केरळ व कोकणातील उतरती कौलारू छपरे, पावसाला भिंतीपासून दूर ठेवणाऱ्या रुंद पागोळ्या, जांभ्या दगडाची उंच जोती आणि पावसाळ्यापूर्वी भिंतींना बांधले जाणारे नारळाच्या झावळ्यांचे झाप ही त्याची उदाहरणे होत. आसाममधील हलक्या भिंतींच्या पारंपरिक घरांतही उंच जोते व उतरते छप्पर असते. या घरांत न्हाणीघर व शौचालय मुख्य इमारतीपासून दूर असे. आधुनिक घरात ते सोयीसाठी घराच्या आत, झोपण्याच्या खोलीला लागून आले. ही सोय आरोग्य व प्रतिष्ठा या दोन्ही दृष्टींनी स्वागतार्ह आहे. मात्र तिच्याबरोबर घराच्या मध्यभागी आलेल्या पाण्याची व्यवस्था करणारे कौशल्य त्याच गतीने पसरले नाही. सपाट गच्ची सर्वत्र स्वीकारली गेली, परंतु तिला लागणारा उतार व निचरा यांकडे दुर्लक्ष झाले.

जबाबदारी कोणाची?

आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कविषयक संयुक्त राष्ट्र समितीने १९९१ मधील चौथ्या सामान्य भाष्यात पुरेशा निवाऱ्याचे घटक स्पष्ट केले. घराने रहिवाशांचे थंडी, ओल, उष्णता, पाऊस व वारा यांपासून संरक्षण केले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. भारत या हक्कांच्या कराराचा १९७९ पासून पक्षकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९९६) या खटल्यात निवाऱ्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये अंतर्भूत मानला. निवारा म्हणजे केवळ डोक्यावरचे छप्पर नव्हे, तर सुरक्षित वास्तू, पुरेसा प्रकाश आणि शुद्ध हवा व पाणीही त्यात येते, अशी न्यायालयाची भूमिका होती.

प्रत्यक्ष जबाबदारी मात्र अनेक स्तरांवर विभागलेली आहे. भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) ही मार्गदर्शक असून ती स्थानिक नियमांत स्वीकारल्यावरच बंधनकारक होते. ओल व पाणी रोखण्याच्या कामांसाठी आयएस ३०६७ हे स्वतंत्र मानकही उपलब्ध आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत इमारत बांधकामाचे नियमन हा नगरपालिकांकडे सोपवता येणारा विषय आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. २०२१ च्या आदर्श भाडेकरार अधिनियमात संरचनात्मक दुरुस्ती व नळवाहिन्या बदलणे ही घरमालकाची, तर नळाचे वॉशर बदलणे व निचरा साफ ठेवणे यांसारखी किरकोळ कामे भाडेकरूची मानली आहेत. हा आदर्श कायदा असल्याने तो लागू करणे राज्यांवर अवलंबून आहे. मुंबईत १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर व स्वतंत्र मंडळाची व्यवस्था निर्माण झाली. देखभालीला सार्वजनिक जबाबदारी मानण्याचा तो एक प्रारंभिक प्रयत्न होता.

धोरणाची दिशा

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू करताना घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले आणि ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाची जोड देण्यात आली. ही जोड विशेष महत्त्वाची आहे, कारण ओलप्रतिबंधक थर, गच्चीचा उतार किंवा न्हाणीघराची चाचणी या गोष्टी अखेर गवंडी व नळकारागीर यांच्या हातात असतात. प्रशिक्षणात या कामांना प्राधान्य देणे, पूर्णत्वाच्या तपासणीत न्हाणीघराची पाणी साठवून केलेली चाचणी समाविष्ट करणे, घराच्या स्थितीच्या सर्वेक्षणांत ओलीची स्वतंत्र नोंद घेणे आणि बांधकामाच्या अनुदानाबरोबर दुरुस्तीसाठी लहान कर्जांची सोय करणे, ही पावले फारशी खर्चिक नाहीत. अतिवृष्टीच्या घटना वाढत असताना त्यांची निकड अधिक जाणवते.

शाश्वत विकासाच्या अकराव्या ध्येयात २०३० पर्यंत सर्वांना पुरेसा, सुरक्षित व परवडणारा निवारा मिळावा, असे लक्ष्य आहे. त्यातील 'पुरेसा' हा शब्द केवळ चौरस मीटरने मोजता येणार नाही. बांधलेले घर दहाव्या पावसाळ्यानंतरही कोरडे असेल, तरच त्यावर झालेला सार्वजनिक व कौटुंबिक खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.